गाडीला गप्प करण्याचा हक्क

गाडीतून कंपनीकडे जाणारी माहिती मालकाला बंद करता आली पाहिजे, असं म्हटलं की समोरून ठरलेली उत्तरं येतात. लपवण्यासारखं काही नसेल तर भीती कसली? अपघात झाला तर मदत कोण बोलावणार? गाडी चोरीला गेली तर शोधायची कशी? खिशातला मोबाइल सगळं सांगतोच आहे, मग एकट्या गाडीनं काय घोडं मारलं? शोरूममधले विक्रेते हे बोलतात, आणि चाकण-पिंपरीच्या कारखान्यांत आयुष्य घालवलेले माझे मित्रही हेच बोलतात. मित्रांचा हेतू वाईट नाही. पण ही उत्तरं चुकीची आहेत, आणि गेल्या तीन-चार वर्षांत त्याचे इतके पुरावे पुढे आले आहेत की आता त्यांच्यापुढे मान डोलावून गप्प बसणं मला पटत नाही.

आधी आपण कशाबद्दल बोलतो आहोत ते स्पष्ट करतो. आजच्या बहुतेक ‘कनेक्टेड’ गाड्यांत एक छोटं टेलिमॅटिक्स युनिट असतं. त्याचं स्वतःचं सिम असतं, तेही बहुधा आतच कायमचं बसवलेलं. गाडीतल्या वेगवेगळ्या संगणकांचं आपसांत जे बोलणं चालतं, ते या युनिटला ऐकता येतं: वेग, ब्रेक, सीटबेल्ट, कुठलं दार केव्हा उघडलं, गाडी कुठे उभी आहे. यातलं कंपनीनं ठरवलेलं सगळं छपरावरच्या अँटेनातून कंपनीच्या सर्व्हरवर जातं. तुमचा मोबाइल घरी टेबलावर असला तरी जातं. कंत्राटदारानं घराचा ताबा दिल्यानंतरही स्वतःचा एक माणूस माजघरात बसवून ठेवावा आणि त्यानं रोज संध्याकाळी बाहेर वर्दी द्यावी, तसा हा प्रकार आहे. घराच्या बाबतीत हे कुणी एक दिवस खपवून घेणार नाही.

आता ‘लपवायचं काय आहे’ हा प्रश्न. सिएटलजवळ राहणाऱ्या एका गृहस्थांनी शेव्हरोले बोल्ट ही विजेवरची गाडी लीजवर घेतली होती. त्यांच्या चुकीनं कधी अपघात झालेला नव्हता. तरी २०२२ मध्ये त्यांचा विम्याचा हप्ता एकदम २१ टक्क्यांनी वाढला. इतर कंपन्यांकडे चौकशी केली तर तिथेही दर चढेच. शेवटी एका एजंटनं सांगितलं की लेक्सिसनेक्सिस या माहिती-व्यापार करणाऱ्या कंपनीचा तुमच्यावरचा अहवाल हे त्यामागचं एक कारण आहे. त्यांनी तो मागवला. अहवाल २५८ पानांचा निघाला. त्यातल्या १३० हून अधिक पानांवर त्यांनी आणि त्यांच्या पत्नीनं आधीच्या सहा महिन्यांत केलेल्या ६४० फेऱ्या मांडलेल्या होत्या. केव्हा निघाले, केव्हा पोचले, किती मैल गेले, किती वेळा वेग वाढला, किती वेळा जोरात ब्रेक दाबला. ही माहिती दिली होती गाडी बनवणाऱ्या जनरल मोटर्सनं.

‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या काश्मीर हिल यांनी मार्च २०२४ मध्ये हे प्रकरण उघडकीला आणलं. फ्लोरिडातल्या एका कॅडिलॅक चालकाला तर सात विमा कंपन्यांनी दारातूनच परत पाठवलं होतं, आणि कारण हेच. बातमी आल्यावर त्याच महिन्यात जनरल मोटर्सनं लेक्सिसनेक्सिस आणि व्हेरिस्क या दोन्ही कंपन्यांना माहिती देणं थांबवलं. ऑगस्टमध्ये टेक्सासच्या महाधिवक्त्यांनी जनरल मोटर्सवर खटला भरला. त्यातला आरोप १ कोटी ४० लाखांहून अधिक गाड्यांच्या माहितीबद्दल आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं या कंपनीवर पाच वर्षांची बंदी प्रस्तावित केली: चालकांचा ठावठिकाणा आणि त्यांच्या गाडी चालवण्याच्या सवयी अशा अहवाल-कंपन्यांना द्यायच्या नाहीत. काही वेळा हा ठावठिकाणा दर तीन सेकंदांनी गोळा होत होता, असंही कमिशननं म्हटलं आहे.

या सगळ्यात त्या गृहस्थांनी काय लपवलं होतं? काहीही नाही. त्यांच्यापासूनच लपवलं गेलं होतं. ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही त्याचंही नुकसान होतं, कारण त्याच्या आयुष्याच्या नोंदींचा अर्थ लावणारा तो स्वतः नसतो. जोरात दाबलेला ब्रेक म्हणजे बेफिकिरी, की रस्त्यात धावत आलेल्या पोराचा वाचवलेला जीव, हे अहवालाच्या रकान्यात येत नाही.

आणि अशी माहिती इतर कंपन्यांनी विकली किती किमतीला? अमेरिकी सिनेटर रॉन वायडन आणि एड मार्की यांनी जुलै २०२४ मध्ये ते आकडे जाहीर केले. होंडानं ९७,००० गाड्यांच्या माहितीसाठी व्हेरिस्ककडून २५,९२० डॉलर घेतले. म्हणजे गाडीमागे २६ सेंट, आपले वीस-बावीस रुपये. ह्युंदाईला १७ लाख गाड्यांचे साधारण १० लाख ४३ हजार डॉलर मिळाले, गाडीमागे ६१ सेंट. गाडीच्या किमतीच्या हिशेबात ही रक्कम धरण्याजोगीसुद्धा नाही. हे वाचल्यावर मला राग आला तो फसवणुकीचा जितका, तितकाच या स्वस्ताईचा. एका कुटुंबाचा हप्ता वर्षानुवर्षं चढा राहणार, आणि विकणाऱ्याच्या हाती त्यातून एका वेळच्या वडापावाचे पैसे.

लपवण्याच्या प्रश्नाला आपल्याकडचंही एक उत्तर आहे, आणि ते सर्वोच्च न्यायालयानं दिलेलं आहे. जामिनावर सुटलेल्या आरोपीनं गूगल मॅपवर आपलं ठिकाण तपास अधिकाऱ्यांना सतत दिसत ठेवावं, अशी अट एका अमली पदार्थांच्या प्रकरणात घालण्यात आली होती. ८ जुलै २०२४ रोजी न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयां यांच्या खंडपीठानं ती अट रद्द केली. आरोपीच्या प्रत्येक हालचालीवर सतत नजर ठेवणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या खाजगीपणाच्या हक्काचा भंग आहे, असा तो निकाल. ज्याच्यावर गंभीर गुन्ह्याचा आरोप आहे त्याच्यावरही सरकारला असा पहारा ठेवता येत नाही. मग हप्ते भरून गाडी घेणाऱ्या शिक्षिकेवर किंवा डॉक्टरवर तो एका खाजगी कंपनीनं का ठेवावा?

अपघाताच्या वेळी मदत मिळते हा मुद्दा मी सगळ्यात गंभीरपणे घेतो, कारण त्यात जीव वाचतात. पण त्यासाठी सतत पाळत लागत नाही, हे युरोपनं कायद्यानं करून दाखवलं आहे. ३१ मार्च २०१८ पासून युरोपीय संघात नव्यानं मंजूर होणाऱ्या प्रत्येक प्रकारच्या मोटारीत ‘ई-कॉल’ सक्तीचा आहे. एअरबॅग उघडण्याइतका मोठा आघात झाला की गाडी आपोआप ११२ क्रमांकाला फोन लावते आणि ठिकाण, वेळ, दिशा, गाडीचा प्रकार अशी मोजकी माहिती पाठवते. एरवी ही यंत्रणा निद्रिस्त असते. सामान्य वापरात या यंत्रणेतून गाडीचा माग काढता येता कामा नये आणि मेमरीतली जुनी ठिकाणं सतत पुसली गेली पाहिजेत, असं त्या नियमातच लिहिलं आहे. म्हणजे मदत मागण्याचं यंत्र आणि पाळत ठेवण्याचं यंत्र वेगळं करता येतं. कंपन्या ती दोन्ही एकाच युनिटमध्ये आणि एकाच संमतीत गुंफतात, आणि मग विचारतात की तुम्हाला अपघातात मरायचं आहे का. तांत्रिक अडचण मी समजून घेईन, पण ही अडचण तांत्रिक नाही.

चोरीचा मुद्दा त्यामानानं लहान आहे. ज्याला हवा त्यानं जीपीएस ट्रॅकर लावून घ्यावा, त्याचं खातं स्वतःकडे ठेवावं. चोर पकडण्यासाठी मालकाचा रोजचा प्रवास वर्षभर साठवावा लागत नाही.

‘तुम्ही संमती दिली होती’ हे उत्तर मात्र मला सर्वांत जास्त खटकतं. डिलिव्हरीच्या दिवशी काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. गाडीला हार घातलेला असतो, नारळ फोडायचा असतो, घरची मंडळी फोटोसाठी उभी असतात. तेवढ्यात सेल्समन मोबाइल मागतो, ॲप टाकतो, ओटीपी विचारतो आणि ‘ॲक्सेप्ट’ दाबून मोकळा होतो. अमेरिकेतही वेगळं नव्हतं. जनरल मोटर्सच्या डीलरांकडच्या विक्रेत्यांना ग्राहकांची अशी नोंदणी करून दिल्याबद्दल बोनस मिळत होता, असं त्याच बातम्यांत पुढे आलं. मोझिला फाउंडेशननं सप्टेंबर २०२३ मध्ये मोटारींच्या २५ ब्रँडांची खाजगीपणाची धोरणं तपासली, तेव्हा एकही ब्रँड त्यांच्या किमान कसोटीला उतरला नाही. ८४ टक्के ब्रँड माहिती इतरांना देऊ शकत होते, ७६ टक्के ती विकू शकतो असं सांगत होते. निसानच्या अमेरिकेतल्या धोरणात तर लैंगिक व्यवहाराविषयीची माहितीही गोळा होणाऱ्या यादीत होती. सुबारूच्या धोरणानुसार गाडीत नुसता बसलेला प्रवासीही ‘वापरकर्ता’ ठरत होता. मागच्या सीटवर बसलेल्या आजीनं कुठे सही केली होती?

आपला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ याबाबत पुरेसा स्पष्ट आहे. संमती मुक्त, नेमकी, माहितीपूर्ण आणि विनाअट हवी, आणि ती सांगितलेल्या कामाला आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती मानली जाईल. कायद्यातच उदाहरण दिलं आहे: दूरस्थ वैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपनं मोबाइलमधल्या संपर्कांची यादी मागितली आणि माणसानं होकार दिला, तरी ती संमती वैद्यकीय सेवेपुरतीच धरायची, कारण सल्ला द्यायला संपर्कयादी लागत नाही. याच न्यायानं, एसी दुरून सुरू करायला माझ्या ब्रेकचा इतिहास लागत नाही. संमती देणं जितकं सोपं होतं तितकंच ती मागे घेणंही सोपं असलं पाहिजे, हेही त्याच कायद्यात आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, पण मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला तिथून १८ महिने दिले आहेत. तेवढ्या काळात विकल्या जाणाऱ्या गाड्या आज रस्त्यावर येत आहेत.

आता ज्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं त्याकडे येतो. आपल्या घरांत गाडी बहुधा नवऱ्याच्या, वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर असते. ॲप त्याच्या फोनवर, ओटीपी त्याच्या फोनवर. चालवते मात्र ती. ‘जिओ-फेन्स’ नावाची सोय जाहिरातीत दाखवतात: नकाशावर सीमा आखा, गाडी त्या पलीकडे गेली की तुमचा फोन वाजेल. मुलगी सुरक्षित राहावी म्हणून, असं सांगतात. पण घरात ज्याची भीती वाटते तोच फोन धरून बसलेला असेल तर? ती वकिलाकडे गेली, माहेरी गेली, महिला समुपदेशन केंद्रासमोर अर्धा तास थांबली, की त्याला कळतं. आणि आपल्याला त्यानं कसं गाठलं हे तिला कळतही नाही. अमेरिकेत अशी प्रकरणं एकामागून एक बाहेर आली. पीडित स्त्रिया गाडी-कंपनीला फोन करून प्रवेश बंद करा म्हणत होत्या आणि कंपनी ‘खातं त्यांच्या नावावर आहे’ म्हणून हात वर करत होती. म्हणून कॅलिफोर्नियानं २०२४ मध्ये कायदा केला की अशी तक्रार आल्यावर कंपनीनं दोन कामकाजाच्या दिवसांत छळ करणाऱ्याचा प्रवेश तोडला पाहिजे. आपला कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २००५ चा आहे. तेव्हा गाडीला ॲप नव्हतं. माझ्या मते गाडीतच एक खटका असावा, जो स्टीअरिंगवर बसलेल्या व्यक्तीला पासवर्डाशिवाय आणि कुणाच्या परवानगीशिवाय बंद करता येईल. या स्त्रीसाठी ही चैनीची मागणी नाही.

मोबाइलही माग काढतोच, हे खरं आहे. टेक्सासनं जानेवारी २०२५ मध्ये ऑलस्टेट या विमा कंपनीवर आणि तिच्या अॅरिटी या उपकंपनीवर असाच खटला भरला: इतरांच्या मोबाइल ॲपमध्ये आपला छुपा कोड घालून साडेचार कोटींहून अधिक अमेरिकनांच्या हालचाली गोळा केल्याचा आरोप. त्यावरून मोबाइललाही आवर घाला असा निष्कर्ष निघतो, गाडीला मोकळं सोडा असा निघत नाही. शिवाय मोबाइलमध्ये प्रत्येक ॲपची परवानगी काढून घेता येते, फोन बंद करता येतो, घरी ठेवता येतो.

माहिती आमच्याकडे सुरक्षित आहे, असंही कंपन्या सांगतात. डिसेंबर २०२४ मध्ये जर्मनीत उघड झालं की फोक्सवागेन समूहाच्या सुमारे ८ लाख विजेवरच्या गाड्यांची माहिती अॅमेझॉनच्या क्लाउडवर महिनोन्‌महिने असुरक्षित पडून होती. त्यातल्या ४ लाख ६० हजार गाड्या नेमक्या कुठे उभ्या राहत होत्या हे कळत होतं, काहींचं तर दहा सेंटिमीटरपर्यंत. हॅम्बुर्ग पोलिसांच्या गाड्याही त्यात होत्या. पुढच्याच महिन्यात दोन संशोधकांनी दाखवून दिलं की सुबारूच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या पोर्टलमधल्या त्रुटीतून कुणाच्याही गाडीचा वर्षभराचा प्रवास पाहता येत होता. आणि टेस्लाच्या कर्मचाऱ्यांनी २०१९ ते २०२२ या काळात ग्राहकांच्या गाड्यांच्या कॅमेऱ्यांतली खाजगी दृश्यं आपसांत फिरवल्याचं रॉयटर्सनं २०२३ मध्ये छापलं होतं. ज्यांना हा सगळा संशयीपणा वाटतो त्यांनी सरकारं काय करतात ते पाहावं. चिनी आणि रशियन कनेक्टेड-कार सॉफ्टवेअर २०२७ च्या मॉडेलपासून चालणार नाही, असा नियम अमेरिकेनं जानेवारी २०२५ मध्ये केला, कारण या गाड्यांतून माहिती बाहेर जाते. राष्ट्राला जी भीती रास्त वाटते ती नागरिकानं व्यक्त केली की वेडगळ कशी ठरते?

शेवटचा बचाव असा की ही यंत्रणा काढता येत नाही. काढली तर गाडी बिघडेल. याला मॅसॅच्युसेट्स राज्यातली एक घटना पुरेशी आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये तिथल्या सुमारे ७५ टक्के मतदारांनी कौल दिला की गाडीची टेलिमॅटिक्स माहिती मालकाला आणि त्याच्या पसंतीच्या गॅरेजला मिळाली पाहिजे. ती खुली करण्याऐवजी सुबारू आणि किआ या कंपन्यांनी त्या राज्यात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांतली टेलिमॅटिक्स सेवाच बंद ठेवली. त्या गाड्या चालल्या. कंपनीच्या सोयीचं असतं तेव्हा बंद करता येतं. मालक मागतो तेव्हा ती छेडछाड ठरते.

ज्यांना आज काही करायचं आहे त्यांनी सुरुवात सेटिंगपासून करावी: गाडीच्या स्क्रीनवर आणि ॲपमध्ये डेटा शेअरिंग बंद करावं, खातं काढून टाकावं, कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी ईमेल पाठवून संमती मागे घ्यावी आणि उत्तर जपून ठेवावं. एवढ्यानं समाधान होत नसेल तर अनेक गाड्यांत टेलिमॅटिक्स युनिटचा फ्यूज वेगळा असतो, किंवा त्याची अँटेनाची वायर काढता येते. पण काही मॉडेलांत त्याच फ्यूजवर ब्लूटूथचा माइक किंवा पुढचे स्पीकर असतात, एसओएसचं बटण अर्थातच मरतं, आणि एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना हात लावायचा नसतो. म्हणून हे काम जाणत्या ऑटो-इलेक्ट्रिशियनकडूनच करावं. फोन गाडीला जोडला की त्याच्या इंटरनेटवरूनही माहिती जाऊ शकते, हेही लक्षात ठेवावं. जुनी गाडी विकताना किंवा घेताना आधीच्या मालकाचं खातं सुटलं आहे ना हे पाहावं. बस, टॅक्सी यांसारख्या प्रवासी वाहनांतलं, ठावठिकाणा कळवणारं एआयएस-१४० मानकाचं उपकरण मात्र कायद्यानं सक्तीचं आहे आणि ते तसंच राहायला हवं. तिथे प्रवासी अनोळखी माणसाच्या गाडीत बसलेला असतो.

आपल्याकडे हे अजून अमेरिकेइतकं पुढे गेलेलं नाही, म्हणूनच घाई आहे. विमा नियामक प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये ‘जसे चालवाल तसा हप्ता’ या धर्तीच्या विम्याला परवानगी दिली. तो ऐच्छिक आहे, आणि ज्याला सवलत हवी त्यानं तो जरूर घ्यावा. पण जो घेणार नाही त्याच्याकडे उद्या संशयानं पाहिलं जाऊ नये. पुणे-नगर रस्त्यावर उलट्या दिशेनं आलेल्या दुचाकीसाठी दिवसाला दहा वेळा ब्रेक मारणारा माणूस सावध चालक असतो. यंत्राच्या गुणपत्रिकेत तो नापास होईल. रात्रपाळीची परिचारिका आणि पहाटे तीनला निघणारा भाजीवाला हे निव्वळ वेळेमुळे जोखमीचे ठरतील.

आपल्या मोटारींची एआयएस मानकं ज्या समितीत तयार होतात तिचं सचिवालय पुण्यातच, वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत आहे. खाजगी मोटारींसाठी तिथे एक मानक लिहिलं जावं. अपघाताची हाक देणारी यंत्रणा वेगळी आणि एरवी निद्रिस्त असेल. बाकी सगळं प्रक्षेपण चालू-बंद करणारा खटका डॅशबोर्डवर, चालकाच्या हाताशी असेल, आणि गाडी कारखान्यातून बाहेर पडताना तो बंदच असेल. खटका बंद ठेवल्याबद्दल कुणाची वॉरंटी नाकारली जाणार नाही, कुणाचा विम्याचा दावा अडवला जाणार नाही, आणि सर्व्हिसिंगला गेलेली गाडी खटका परत चालू करून मालकाच्या ताब्यात दिली जाणार नाही.